लवादासाठी परदेशी लॉ फर्म निवडायची आहे; वकिलांच्या परिचयात नेमकं काय बघावं?

निर्यातदार:

नमस्कार मंडळी. आमची कंपनी औद्योगिक पंपांचे इम्पेलर (द्रव ढकलणारं फिरतं चाक) आणि सील बनवते. एका जर्मन खरेदीदाराशी वाद झाला आहे. माल पोचल्यावर सात महिन्यांनी त्यांनी ई-मेलने कळवलं की इम्पेलरच्या धातूचा दर्जा करारात ठरल्याप्रमाणे नाही, आणि उरलेली रक्कम अडवून धरली. करारात जर्मन कायदा, आयसीसीच्या (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) नियमांनुसार लवाद म्हणजे कोर्टाबाहेर पंचांकडून निवाडा, लवादाचं स्थान पॅरिस आणि कामकाजाची भाषा इंग्रजी असं ठरलेलं आहे.

एका आंतरराष्ट्रीय फर्मने आमच्यासाठी पाच जणांची टीम सुचवली आहे. पहिल्या पार्टनर बाई जर्मनीत शिकलेल्या, कायद्यात डॉक्टरेट, आधी काही वर्षं न्यायाधीश होत्या. दुसऱ्या पार्टनरकडे न्यूयॉर्कची सनद आहे, ते पूर्वी सरकारी वकील होते आणि लाचलुचपतीच्या चौकशा त्यांनी हाताळल्या आहेत. तिसरे 'काउन्सेल' (पार्टनर आणि असोसिएट यांच्या मधलं पद) म्हणून आहेत, मूळचे लंडनचे बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारे वकील. चौथी सीनियर असोसिएट (पार्टनरच्या हाताखालची अनुभवी वकील) आधी मटेरियल्स इंजिनिअर होती, नंतर सॉलिसिटर (सल्ला देणारी, प्रकरणाची तयारी करणारी इंग्लिश वकील) झाली. पाचवा अगदी नवा, दोन देशांतल्या पदव्या आणि व्हिएन्नाच्या व्हिस मूट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत भाग घेतलेला.

परिचय वाचताना मला प्रत्येक जण मोठाच वाटतो. पण पाचही जणांचा तासाचा दर आम्हाला झेपणार नाही. यातली कोणती पार्श्वभूमी आमच्या कामाची, हे कसं ओळखायचं?

नवासनदी:

मी अशाच एका फर्ममध्ये नुकताच असोसिएट झालो आहे. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक एका छताखाली का असतात, एवढं सांगतो.

अशा फर्मचं काम अनेक विषयांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक विषय आपापली माणसं ओढून आणतो. अमेरिकेचा १९७७ चा परदेशी लाचलुचपतविरोधी कायदा आणि ब्रिटनचा २०१० चा लाचलुचपत कायदा यांमुळे कंपन्यांच्या अंतर्गत चौकशांचं काम वाढलं, तिथे माजी सरकारी वकील लागतात. स्पर्धा कायद्याच्या विभागात युरोपियन कमिशनमध्ये काम केलेले लोक भेटतात. युरोपियन पेटंट ऑफिससमोर पेटंट प्रतिनिधी व्हायचं तर विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी किंवा तेवढं ज्ञान हवंच. करविभागात अकाउंटंट असतात. थोडक्यात, पाचही परिचय खरे आणि भारदस्त असतील, तरी ते पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

तुमची इंजिनिअर सॉलिसिटर हेही आश्चर्य नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी पदवी कायद्याचीच हवी असं नाही. २०२१ पासून तिथे एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी पद्धत आहे. त्याआधीही दुसऱ्या शाखेची पदवी घेऊन या व्यवसायात येणारे पुष्कळ होते.

तळटीप:

निर्यातदार, मी एका उत्पादन कंपनीच्या विधी विभागात आहे. बाहेरच्या फर्मची निवड करणं आणि नंतर त्यांची बिलं ओळ न् ओळ तपासणं, दोन्ही माझ्याकडेच असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परिचयातला पहिला परिच्छेद सोडून द्या आणि थेट शेवटी जा. तिथे सनद कुठली आहे ते लिहिलेलं असतं. बाकी मजकुरात विशेषणं असतात, सनदेच्या ओळीत फक्त तथ्य असतं. त्या व्यक्तीला कुठल्या देशाच्या कायद्यावर अधिकाराने मत देता येतं, हे त्या ओळीतून कळतं. तीही नीट वाचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याची सनद वेगळी असते. न्यूयॉर्क राज्य ठरावीक अटींवर परदेशात शिकलेल्या वकिलांनाही परीक्षेला बसू देतं. अनेक जण एक वर्षाचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करून ती सनद घेतात आणि पुढे दुसऱ्याच देशात वकिली करतात. त्यामुळे 'न्यूयॉर्कची सनद' वाचून तो माणूस न्यूयॉर्कच्या कोर्टात उभा राहिला आहे असं धरून चालू नका. तुमचे दुसरे पार्टनर सरकारी वकील होते, म्हणजे ते नक्की उभे राहिले आहेत. पण तुमच्या वादात लाचेचा आरोपच नाही. त्यांचं नाव टीममधून सरळ काढायला सांगा. यात कोणाचा अपमान होत नाही, फर्मला अशा सूचनांची सवय असते.

आता जर्मन पार्टनर. जर्मनीत वकील व्हायला दोन राज्य परीक्षा द्याव्या लागतात आणि मधली साधारण दोन वर्षं न्यायालय, सरकारी वकिलांचं कार्यालय, प्रशासन आणि वकिलाचं ऑफिस असं फिरून प्रशिक्षण घ्यावं लागतं. दुसरी परीक्षा पास झालेला माणूस न्यायाधीशही होऊ शकतो आणि वकीलही. म्हणून न्यायाधीशपद सोडून वकिलीत आलेली माणसं तिथे दिसतात. डॉक्टरेटही तिथल्या मोठ्या फर्ममध्ये सर्रास आढळते, तिला फार वजन देऊ नका. वजन द्यायचं ते दुसऱ्या गोष्टीला. जर्मनी आंतरराष्ट्रीय माल-विक्रीच्या व्हिएन्ना कराराचा सदस्य आहे. १९८० चा हा करार १९८८ मध्ये लागू झाला. करारात नुसतं 'जर्मन कायदा' लिहिलं आणि व्हिएन्ना करार स्पष्टपणे वगळला नाही, तर तोच लागू होतो, कारण तो जर्मन कायद्याचाच भाग आहे. तुमचं कलम आधी त्या नजरेने वाचून घ्या.

तुमचा बचाव तिथेच आहे असं मला वाटतं. त्या कराराच्या ३८ व्या कलमानुसार खरेदीदाराने परिस्थितीप्रमाणे शक्य तितक्या लवकर मालाची तपासणी करायला हवी. ३९ व्या कलमानुसार दोष लक्षात आल्यापासून, किंवा लक्षात यायला हवा होता तेव्हापासून, वाजवी मुदतीत तो कळवायला हवा. नाहीतर तक्रारीचा हक्क जातो. वाजवी मुदत म्हणजे किती, याचा आकडा कलमात नाही. जर्मन न्यायालयांनी काही निकालांत साधारण महिनाभराचा काळ आधाराला धरला आहे. तुमच्या खरेदीदाराने सात महिने घेतले. ते म्हणतील, धातूचा दोष वापराशिवाय दिसत नाही. तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत चाचणी केली असती तर माल उतरल्याबरोबर दिसला असता. सगळी लढाई या मुद्द्यावर होईल. मात्र ४० वं कलमही ध्यानात असू द्या: दोष तुम्हाला माहीत होता किंवा माहीत नसणं शक्यच नव्हतं, आणि तरी तुम्ही तो सांगितला नाही असं ठरलं, तर या बचावाचा उपयोग नाही. कारखान्यातले चाचणीचे कागद वकिलांना एकही न लपवता द्या.

आता गंमत बघा, ब्रिटन या व्हिएन्ना कराराचा सदस्य नाही. म्हणजे फक्त इंग्लिश कायद्यात मुरलेला वकील कितीही हुशार असला तरी ही कलमं त्याच्या रोजच्या वापरातली नसतात. त्यामुळे दाव्याचा मसुदा जर्मन पार्टनरच्या हाताखालीच व्हायला हवा.

मग लंडनच्या बॅरिस्टरचं काय करायचं? ते मात्र सोडू नका. जर्मन न्यायालयात साक्षीदाराला प्रश्न मुख्यतः न्यायाधीश विचारतात. इंग्लिश परंपरेत ते काम वकिलाचं, आणि बॅरिस्टरचं आयुष्य उलटतपासणीत जातं. आंतरराष्ट्रीय लवादात या दोन परंपरा एकाच टेबलावर येतात. साक्षीदाराचं म्हणणं आधी लेखी दाखल होतं आणि सुनावणीत त्याच्यावर समोरच्या वकिलाची उलटतपासणी होते. खरेदीदाराचा तंत्रज्ञ 'दोष आधी दिसणं शक्यच नव्हतं' असं लिहून देईल. त्याला तासाभरात कोंडीत पकडायला ज्याने हे काम जन्मभर केलं आहे तो माणूस हवा. सुनावणीच्या आठवड्यासाठी आणि त्याच्या तयारीसाठी त्यांचे तास राखून ठेवा. आधीच्या पत्रव्यवहारात त्यांची गरज नाही.

यातच आणखी एक मुद्दा येतो, तो परिचयात कधीच लिहिलेला नसतो. साक्षीदाराची तयारी किती करून घ्यायची, याबद्दल प्रत्येक परंपरेची मर्यादा वेगळी आहे. अमेरिकी वकील साक्षीदाराला बसवून प्रश्नोत्तरांचा कसून सराव घेतात, त्यांच्याकडे ते चालतं. इंग्लिश बॅरिस्टरला साक्षीदाराला उत्तरं पढवायला मनाई आहे. तुमच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला साक्ष द्यावी लागणार असेल, तर त्याची तयारी कोण आणि किती करून घेणार हे पहिल्याच बैठकीत विचारा. हे न ठरल्यामुळे अगदी शेवटच्या आठवड्यात एका फर्मचे दोन वकील आमच्या माणसाला परस्परविरुद्ध सूचना देत होते. साक्ष देणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याच्यावर असा प्रसंग येऊ देणं मला अक्षम्य वाटतं.

शेवटी नवा मुलगा. व्हिस मूट ही विद्यार्थ्यांची स्पर्धा १९९० च्या दशकापासून व्हिएन्नात होते, आणि तिचा विषय म्हणजे हाच विक्रीविषयक व्हिएन्ना करार आणि लवाद. त्यासाठी विद्यार्थी महिनोन् महिने एकच प्रकरण दोन्ही बाजूंनी लिहून काढतात. ३९ व्या कलमावरचे निकाल शोधण्याचं काम तो मनापासून आणि कमी दरात करेल. त्याला जरूर ठेवा.

निर्यातदार:

तळटीप ताई, खूप आभार. आमच्या करारात व्हिएन्ना करार वगळलेला नाही, आत्ताच तपासलं. दोन शंका आहेत. एक, ती इंजिनिअर असोसिएट धातुशास्त्र शिकलेली आहे. तिलाच आमची तज्ज्ञ म्हणून उभं केलं तर वेगळ्या तज्ज्ञाचा खर्च वाचेल का? दोन, लवाद पॅरिसमध्ये आहे आणि टीममध्ये फ्रेंच सनदेचं कोणीच नाही. ही उणीव मानायची का?

दुभाषी:

मी लवादाच्या सुनावण्यांमध्ये दुभाष्याचं काम करते, तेव्हा माझ्या बाजूने थोडं. परिचयात 'भाषा: जर्मन' असं असेल तर ती किती आणि कुठे वापरली ते विचारा. कामकाज इंग्रजीत असलं तरी खरेदीदाराच्या कंपनीतले अंतर्गत ई-मेल, तपासणीचे अहवाल, गोदामाच्या नोंदी बहुधा जर्मनमध्ये असतील. दोष त्यांना पहिल्यांदा कधी कळला, हे त्यातूनच उघड होतं. आलेल्या शेकडो पानांतून कुठली भाषांतराला पाठवायची हे ठरवायला मूळ भाषेत झरझर वाचणारा वकील लागतो. सरसकट सगळ्याचं भाषांतर करून घेतलं तर खर्च हाताबाहेर जातो.

तळटीप:

दुभाषी यांनी अगदी बरोबर सांगितलं. त्यात एवढंच जोडते की खरेदीदाराचे अंतर्गत कागद तुम्हाला आपोआप मिळणार नाहीत. आंतरराष्ट्रीय लवादात पुराव्यासाठी बहुतेक वेळा इंटरनॅशनल बार असोसिएशनचे नियम आधाराला घेतात. त्यांनुसार कागदांची मागणी नेमकी आणि वादाशी संबंधित असावी लागते, 'असेल ते सगळं द्या' चालत नाही.

निर्यातदार, आता तुमच्या शंका. इंजिनिअर असोसिएटला तज्ज्ञ करता येणार नाही, तो विचार सोडून द्या. त्याच नियमांनुसार पक्षाने नेमलेल्या तज्ज्ञाला आपण पक्षकार, त्यांचे वकील आणि लवाद मंडळ यांच्यापासून स्वतंत्र आहोत असं लेखी द्यावं लागतं. तुमच्याच वकिलांच्या ऑफिसातली व्यक्ती ते कसं देणार? तिचा खरा उपयोग वेगळा आहे. बाहेरचा तज्ज्ञ निवडणं, त्याला नेमके प्रश्न लिहून देणं, समोरच्या तज्ज्ञाच्या अहवालात कुठली चाचणी गाळली आहे ते हेरणं, आणि बॅरिस्टरला ते सोप्या शब्दांत समजावणं. तुमच्या वादाचा गाभा धातूचा आहे, म्हणून माझ्या मते पाच जणांत सगळ्यात जास्त तास तिचे असावेत. दर पार्टनरपेक्षा कमी असेल तर तुमचा फायदाच आहे.

फ्रेंच सनदेची उणीव आज मानू नका. लवादात बाजू मांडायला सहसा त्या देशाची सनद लागत नाही. निवाडा रद्द करण्यासाठी कोणी न्यायालयात गेलं तर ते प्रकरण पॅरिसच्या अपील न्यायालयात चालेल, तेव्हा फ्रेंच वकील लागेल. फर्मच्या पॅरिस ऑफिसात कोण आहे एवढं आत्ता विचारून ठेवा. वसुलीची वेळ आली तर ती जर्मनीत होईल. परदेशातले लवादाचे निवाडे मान्य करून अमलात आणण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून अधिक देश आहेत, जर्मनीही आहे. ते काम तुमच्या पार्टनर बाईंचं.

आणि फर्मला उत्तर पाठवताना तीन गोष्टी लेखी मागा. दाव्याचा पहिला मसुदा स्वतः कोण लिहिणार, त्यांचं नाव. परिचयातल्या आधीच्या प्रकरणांत त्या व्यक्तीने नेमकं काय केलं: साक्षीदार तपासला, मसुदा लिहिला, की कागद लावले. पाचांपैकी कोणी पूर्वी खरेदीदारासाठी किंवा त्यांच्या वकिलांच्या फर्ममध्ये काम केलं आहे का. पैसे अडकलेत तुमचे, म्हणजे लवादाचा अर्ज तुम्ही करणार. आयसीसीच्या नियमांनुसार तो मिळाल्यापासून खरेदीदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्यांनी प्रतिदावा केला, आणि ते करतीलच असं धरून चला, तर त्यावर उत्तर द्यायला तुम्हालाही ३० दिवसच असतील. मुदतवाढ मागता येते, पण तिच्यावर विसंबू नका. त्या काळात पार्टनर बाई आणि असोसिएट दुसऱ्या सुनावणीत अडकलेल्या नाहीत ना, हे त्यांच्या कॅलेंडरवरून आत्ताच पक्कं करून घ्या.