मदत हवी आहे: १९४१ची पायपर कब, पंखाचा लाकडी स्पार सांधावा की बदलावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघा मित्रांनी इथे विस्कॉन्सिनमध्ये १९४१ची पायपर जे-३ कब (छोटं विमान) घेतली आहे. वादळात बांधलेले दोर तुटून ती डाव्या पंखावर कलंडली होती, म्हणून तर आमच्या खिशाला परवडली! कापड उतरवलंय. टोकाची लाकडी कमान मोडलीय, काही अ‍ॅल्युमिनियमच्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) चेपल्यात. ते निस्तरता येईल. घोडं अडलंय पुढच्या स्पारपाशी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईपाशी.

स्पार सिटका स्प्रूस या लाकडाचा आहे. स्ट्रट (पंखाला आधार देणारा तिरका दांडा) जिथे बोल्टने बसतो, तिथे प्लायवूडच्या पट्टीला लागून, लाकडाच्या शिरांना आडवी, केसाएवढी रेघ दिसते. तीही टॉर्च तिरका धरला तरच. मित्र म्हणतो, नुसतं वार्निश तडकलंय. मला ती दाबाने पडलेली चीर वाटते.

एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या) एसी ४३.१३-१बी या दुरुस्तीच्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे स्पारच्या तिरक्या सांध्याचा उतार १०:१ ते १२:१ हवा, शिवाय स्ट्रटच्या फिटिंगखाली सांधा चालत नाही. मग सांधा सरकवायचा कुठे? की सरळ अख्खा स्पार नवा घालावा? युद्धानंतरच्या कबसारखा अ‍ॅल्युमिनियमचा स्पार घालण्याचाही सल्ला मिळतोय, पण दुसरा पंख लाकडी असताना मला ते पटत नाही.

वार्निश खरवडून खात्री कशी करायची? आणि वरून धड दिसणाऱ्या उजव्या पंखाचंही कापड काढावं का? फॉर्म ३३७ वर (मोठ्या दुरुस्तीच्या नोंदीच्या एफएए फॉर्मवर) सही करणारे निरीक्षक पुढच्या आठवड्यात येताहेत, त्याआधी कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर बरं होईल. फोटो मागाल तसे टाकतो.