दुःख आणि ओवी

दुःख भोगले की कला आपोआप जन्मते, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही, आणि त्यासाठी बहिणाबाई चौधरींचे उदाहरण द्यावेसे वाटते. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या खानदेशी शेतकरी स्त्रीने आपल्या कवितेत केवळ आक्रोश केला नाही. कुंकू पुसले गेल्यावर त्याखाली लपलेली नशिबाची रेघ उघडी पडली, असे ती म्हणते आणि पुढे बांगड्या फुटल्या तरी मनगटातले कर्तृत्व उरल्याचे सांगते. ही प्रतिमा नुसत्या वेदनेतून येत नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढे रोज राबताना कानात मुरलेली ओवीची लय आणि वस्तूंकडे बारकाईने पाहण्याची सवय तिच्यापाशी आधीच होती, म्हणून दुःखाला धरायला हात मिळाला. (तिच्यासारखे भोगलेल्या कितीजणींना तो मिळाला नसेल, या विचाराने मन कातर होते.) शिवाय तिच्या ओव्या टिकल्या, त्या मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकाने उतरवून ठेवल्या म्हणून. १९५१ मध्ये ती गेली; आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचा संग्रह निघाला तो १९५२ मध्ये.