मदत हवी आहे: आइस हॉकीमुळे कॅनडात विद्यापीठाची फी नक्की किती सुटते?

नीलपर्ण: मुलगा ज्युनिअर हॉकी खेळतो, सप्टेंबरपासून विद्यापीठात जायचं आहे. दोन कोचचे फोन आले. एक म्हणतो पूर्ण फी देऊ, दुसरा म्हणतो वर्षाला साडेचार हजार डॉलर. आठवड्यात कळवायचं आहे. खरं काय? शोधाशोध करून झाली आहे, थेट उत्तर द्या प्लीज.

टोरांटोकर: ज्युनिअर म्हणजे कुठलं? ओएचएल, डब्ल्यूएचएल या लीगसारखं मेजर ज्युनिअर, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, की त्याखालचं ज्युनिअर ए? किती सीझन? विद्यापीठं कुठल्या प्रांतातली? बारावीची सरासरी? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

प्रेअरी_पाटील: दोन्ही कोच खरं बोलत असतील. यू स्पोर्ट्स म्हणजे कॅनडातल्या विद्यापीठांच्या खेळांची संघटना. तिच्या नियमात विद्यापीठाची क्रीडा मदत जास्तीत जास्त ट्यूशन आणि सक्तीच्या फीइतकी. ओंटारियोतल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने, ओयूएने, त्याहून कडक मर्यादा ठेवली, वर्षाला ४,५०० डॉलर. दुसरा कोच तिथलाच असणार. राहणं-जेवण यात धरू नका. आणि पहिल्याच वर्षी मदत हवी तर प्रवेशाची सरासरी ८०% लागते.

गोदाकाठ: यू स्पोर्ट्सचा नाद सोडा, एनसीएएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांकडे बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअरची मुलंही तिथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन १ मध्ये खेळू शकतात. शिष्यवृत्ती मोठी.

टोरांटोकर: गोदाकाठ, त्यांना आठवड्यात उत्तर द्यायचंय. तिकडे शाळेतल्या १६ कोर कोर्सेसची (मुख्य विषयांची) तपासणी होते, ती काय आठवड्यात उरकणार? आणि प्रश्न तो नाहीच.

गोदाकाठ: पण पर्याय माहीत असायला नको का? घाईत होकार देऊन वर्ष घालवण्यापेक्षा बरं.

मिसिसागा_मावशी: आरईएसपी, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं, उघडलंय ना? वर्षाला २,५०० भरले की सरकार २०% म्हणजे ५०० घालतं, एकूण ७,२०० पर्यंत. धाकटा असेल तर आजच उघडा.

नीलपर्ण: धाकटा नाही, मावशी. ओएचएल, तीन सीझन. एक विद्यापीठ ओंटारियोतलं, एक न्यू ब्रन्सविकचं. सरासरी ७९. याने एवढा फरक पडतो?

प्रेअरी_पाटील: हे आधी सांगायला हवं होतं! तीन सीझन म्हणजे लीगचं शिक्षण पॅकेज आहे, खेळलेल्या सीझनच्या बदल्यात शिक्षणाचा खर्च. ते विद्यापीठाच्या मदतीपेक्षा वेगळं. साधारण एका सीझनला एक वर्ष. पदवी चार वर्षांची, म्हणजे एक वर्ष उघडं राहतं. ७९ वर पहिल्या वर्षी विद्यापीठाची मदत मिळणार नाही, म्हणून ते वर्ष पॅकेजवर काढा. पुढे ओंटारियोत ७०, इतरत्र ६५ टक्के राखले की विद्यापीठाची मदत खुली होते.

टोरांटोकर: एक टक्क्यासाठी अडू नका. ओंटारियोत प्रवेशाला सहा विषयांची सरासरी धरतात. एका विषयात सहा गुण वाढले की ८०. पुन्हा दिलेला विषय धरतात का, हे मात्र प्रवेश विभागाला आधी विचारा.

नीलपर्ण: पॅकेजबद्दल कोच काहीच बोलला नाही.

प्रेअरी_पाटील: तो कशाला बोलेल? ते टीमशी केलेल्या करारात असतं. करार काढून तीन गोष्टी बघा: रक्कम ठरलेली आहे की ट्यूशन, पुस्तकं, सक्तीची फी असं लिहिलंय, किती मुदतीत वापरायला सुरुवात करायची, आणि कोणता प्रो (व्यावसायिक) करार केला तर ते जातं. एनएचएलचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा करार केला की सहसा संपतं. मुदत चुकली तर मात्र हातचं पॅकेज गेलं, इथेच पोरं फसतात. मग दोन्ही कोचना एकच मेल टाका: ‘पॅकेज आणि तुमची मदत दोन्ही एका वर्षी घेता येतात का, लेखी कळवा.’ क्रीडा विभागाच्या कम्प्लायन्स (नियमपालन) अधिकाऱ्याला सीसी ठेवा.

नीलपर्ण: करार सापडला. ‘घराजवळच्या विद्यापीठाच्या दराने’ असं लिहिलंय.

प्रेअरी_पाटील: मग न्यू ब्रन्सविकची फी त्या दरापेक्षा जास्त असेल तर वरचा फरक तुमच्या खिशातून. दोन्हीकडचं फीचं तपशीलवार विवरण मागवा, निवास वगळून तुलना करा, मगच हो म्हणा.