सेवाग्रामच्या कुटीत फ्लॅशशिवाय फोटो: मदत हवी आहे

मंडळी, येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन नागपूरहून सेवाग्रामला जायचं आहे. गांधीजी 1936 साली तिथं राहायला आले. माती, बांबू, कवेलूंची ती घरं विदर्भाच्या उन्हात आजही गारवा धरतात, म्हणून बांधणीचे बारकावे नीट टिपायचेत. अडचण उजेडाची. भिंतीवर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) धरलं की खिडकी पांढरी फटक, खिडकीवर धरलं की भिंत काळी. फ्लॅशनं लिंपणाचा पोत सपाट होतो, त्यामुळे तो नकोच. 35 एमएम लेन्स, छिद्र एफ/2.8, शटर 1/60 सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 असा विचार आहे. खिडकी आणि भिंत दोन्ही दिसावीत म्हणून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाच्या तीन फ्रेम घेऊन नंतर एकत्र केल्या, तर हातात कॅमेरा धरून त्या नीट जुळतील का? ट्रायपॉड आत चालतो का? तिरपा उजेड सकाळी किती वाजेपर्यंत मिळतो? आईचे गुडघे दुखतात. सेवाग्राम स्टेशनवर उतरणं सोयीचं की वर्ध्याला?