'अदेस्ते फिदेलेस' नक्की कोणासाठी? बाळ येशू की बॉनी प्रिन्स चार्ली?

तळघर_वाचक:
नाताळात सगळीकडे वाजतं ते 'ओ कम ऑल यी फेथफुल', त्याचं मूळ लॅटिन 'अदेस्ते फिदेलेस', जॉन फ्रान्सिस वेडच्या हस्तलिखितांतून पुढे आलेलं. हा इंग्रज कॅथलिक, फ्रान्समध्ये राहून संगीताची पुस्तकं हाताने नकलून द्यायचा. डरहम विद्यापीठाच्या बेनेट झॉन यांनी २००८ मध्ये म्हटलं की हे चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या, म्हणजेच बॉनी प्रिन्स चार्लीच्या, जन्माचं छुपं गाणं आहे, म्हणजे १६८८ ला इंग्लंडची गादी गेलेल्या दुसऱ्या जेम्सचा नातू, जन्म रोम, ३१ डिसेंबर १७२०. फिदेलेस म्हणजे त्याचे निष्ठावंत जॅकोबाइट (या जेम्सच्या घराण्याला गादी परत मिळावी म्हणणारे), बेथलेहेम म्हणजे इंग्लंड, आणि 'आंजेलोरुम'मधला एक 'ई' खाल्ला की 'आंग्लोरुम', देवदूतांचा राजा झाला इंग्रजांचा राजा! मला तर पटलं बुवा.

वसईची_पोर:
मला नाही. क्वायरमध्ये हे लॅटिनमधून म्हटलंय मी, दुसरं कडवं बघा, 'देउम दे देओ, लुमेन दे लुमिने', पुढे 'जेनितुम नोन फाक्तुम', हे सरळ मिस्सेतल्या नायसीन क्रीडमधून, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतून, उचललंय. देवापासून देव, जन्मलेला, घडवलेला नव्हे, असं कुठला कॅथलिक एका राजपुत्राला म्हणेल? आणि बेथलेहेमचं इंग्लंड करायचं तर मेंढपाळांचे पण स्कॉटिश सरदार करून टाका, कोण अडवतंय.

जुनं_नाणं:
ताई, श्लेषात दोन्ही अर्थ उभे राहतात की. ही माणसं उघड बोलली असती तर राजद्रोह, म्हणून राजाच्या नावाने पिताना पेला हळूच पाण्याच्या भांड्यावरून न्यायचे, समुद्रापलीकडचा राजा, ज्याला कळायचं त्याला कळलं. आणि आंग्ल-आंजेल ही कोटी पण वेडची नाही, पोप ग्रेगरीने रोमच्या बाजारात इंग्रज गुलाम पोरं बघून केली अशी आख्यायिका तेव्हाच हजार वर्षं जुनी होती. शिवाय वेडच्या पुस्तकांत जॅकोबाइट फुलांची नक्षी आहे, ती काय उगाच?

वसईची_पोर:
नक्षी मान्य, वेड जॅकोबाइट होता हेही मान्य. पण माणसाचा पक्ष कळला म्हणून त्याची प्रत्येक ओळ गुप्त पत्रक होत नाही हो. त्यात हे त्याने रचलं की नुसतं नकललं यावरच वाद आहे.

कॉफी_दोन_साखर:
१६ एप्रिल १७४६ ला स्कॉटलंडमधल्या कलोडेनच्या लढाईत जॅकोबाइटांचा तासाभरात खेळ खल्लास, आणि गाणं मात्र लंडनच्या पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपलमधून 'पोर्तुगीज हिम' म्हणून पसरलं 😄

तळघर_वाचक:
आणि १८४१ ला इंग्रजीत आणणारा फ्रेडरिक ओकली, अँग्लिकन पाद्री, चार वर्षांत कॅथलिक झाला, बघा!

वसईची_पोर:
घ्या, आता त्यालाही जॅकोबाइट करा.