स्पितीतले कच्चे रस्ते

नागपूरहून स्वतःची गाडी नेऊन हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात कच्चे रस्ते कसे शोधायचे, असं भाऊंनी विचारलंय. अहो, शोधायला दूर कशाला जाता? मनालीकडून गेलात तर ग्रामफू-लोसर हा मार्गच पुरून उरतो. छत्रू, बातल, मग सुमारे 4,550 मीटरवरची कुंझुम ला ही खिंड. हिवाळ्यात सगळं बंद. नकाशापेक्षा रस्ता ओलांडणाऱ्या नाल्यांची वेळ सांभाळा: ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बंपरला लागतं. म्हणून पहाटेच निघा. बातलच्या ढाब्यावर पलीकडच्या काझा गावाकडून आलेल्या ड्रायव्हरला पुढची हालत विचारा. रेंजचा भरवसा नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा. आणि चंद्रताल तलावाजवळच्या गवतावर गाडी घालू नका राजेहो, पार्किंगपासून पायीच जायचं.