कन्स्ट्रक्टर फंक्शनच्या युनिट टेस्टमध्ये नेमके काय तपासावे?

प्रश्न:
आमच्या जुन्या प्रकल्पातले बरेचसे जावास्क्रिप्ट क्लास न वापरता कन्स्ट्रक्टर फंक्शनने (‘न्यू’ लावून बोलावल्यावर नवे ऑब्जेक्ट तयार करणारे फंक्शन) लिहिलेले आहे आणि त्यासाठी मी आता जेस्ट या टेस्टिंग टूलमध्ये टेस्ट लिहीत आहे. ‘टोपली’ या कन्स्ट्रक्टरच्या प्रोटोटाइपवर ‘वस्तू’ हा ॲरे आणि ‘जोडा’ ही मेथड आहे. प्रत्येक टेस्टच्या आधी ‘बीफोरईच’मध्ये मी ‘न्यू’ वापरून नवी टोपली तयार करतो, तरीही पहिल्या टेस्टमध्ये जोडलेली वस्तू दुसऱ्या टेस्टमध्ये सापडते. एकेकटी चालवल्यास मात्र दोन्ही पास होतात. शिवाय, ‘इन्स्टन्सऑफ’ची (ऑब्जेक्ट त्याच कन्स्ट्रक्टरचे आहे का, हे पाहणारी) टेस्ट प्रत्येक कन्स्ट्रक्टरला हवीच का?

उत्तर १:
टेस्ट बरोबर आहे, दोष कोडमध्ये आहे. प्रोटोटाइपवरचा ॲरे सगळ्या इन्स्टन्समध्ये (‘न्यू’ने तयार झालेल्या ऑब्जेक्टमध्ये) एकच असतो आणि ‘पुश’ने वस्तू जोडल्यावर तोच बदलतो. तिथे एखादी संख्या असती तर हे लक्षातही आले नसते, कारण ‘धिस’वर (म्हणजे त्या वेळच्या ऑब्जेक्टवर) नवी किंमत ठेवताच त्या इन्स्टन्सची स्वतःची प्रॉपर्टी तयार होते. ॲरे कन्स्ट्रक्टरच्या आत घ्या आणि एकाच टेस्टमध्ये दोन टोपल्या तयार करून, एकीत वस्तू जोडल्यावर दुसरी रिकामीच आहे ना, हे तपासा.

‘इन्स्टन्सऑफ’च्या टेस्टने सहसा काहीच सिद्ध होत नाही. कन्स्ट्रक्टर स्वतःहून दुसरे ऑब्जेक्ट रिटर्न करत असेल, तर ‘न्यू’कडून तेच ऑब्जेक्ट मिळते, तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे.

उत्तर २:
‘न्यू’ विसरल्यास काय होते, याची टेस्ट मी जास्त महत्त्वाची मानतो. स्ट्रिक्ट मोडमध्ये (जावास्क्रिप्टच्या कडक नियमांच्या मोडमध्ये) ‘धिस’ अनडिफाइन्ड असल्यामुळे त्यावर प्रॉपर्टी ठेवताना टाइपएरर येतो. स्ट्रिक्ट मोड नसेल तर प्रॉपर्टी गुपचूप ग्लोबल ऑब्जेक्टवर जाऊन बसतात, आणि असा गोंधळ शोधून काढणे फार जिकिरीचे असते. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीपासून, फंक्शन ‘न्यू’ने बोलावले की नाही हे सांगणारे ‘न्यू डॉट टार्गेट’ उपलब्ध आहे. ते अनडिफाइन्ड असल्यास कन्स्ट्रक्टरनेच एरर फेकावा. तपासताना तो कॉल ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळून ‘एक्सपेक्ट’ला द्या, नाहीतर एरर आला का हे तपासणाऱ्या ‘टूथ्रो’पर्यंत पोहोचण्याआधीच टेस्ट कोसळते.

प्रश्नकर्ता:
ॲरे आत घेतल्यावर टेस्ट सुरळीत चालल्या, आभारी आहे. दुसऱ्या एका कन्स्ट्रक्टरमध्ये आतच ‘न्यू डेट’ (चालू वेळ घेणारे) आहे आणि वेळेची तुलना कधी जुळते, कधी नाही. त्यावर उपाय काय?

उत्तर ३:
वेळ सांगणारे फंक्शन कन्स्ट्रक्टरला आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि टेस्टमध्ये ठरावीक तारीख परत करणारे साधे फंक्शन पुरवा. जुन्या कोडला हात लावायचा नसेल तर जेस्टचे फेक टायमर वापरून सिस्टिमची वेळ ठरवून देता येते, पण मी पहिलाच मार्ग निवडेन, कारण कन्स्ट्रक्टर कशावर अवलंबून आहे हे त्यात उघड दिसते. आणखी एक: पूर्ण ऑब्जेक्टची तुलना करताना ‘टूईक्वल’ऐवजी ‘टूस्ट्रिक्टईक्वल’ घ्या, ‘टूईक्वल’ ऑब्जेक्टचा प्रकार पाहत नाही, त्यामुळे त्याच प्रॉपर्टी असलेले साधे ऑब्जेक्टही पास होते.